बोट ठेवता न येणारा उजेड

डोळे मिटा बरं जरा. असं समजा, की तुमच्यासमोर एक काळाकुट्ट पडदा आहे आणि त्याच्या मधोमध एक अक्षर आहे. 'का'. साधं, पांढरं, फळ्यावर खडूने काढावं तसं. आता हे अक्षर दिव्यासारखं पेटलेलं दिसलं पाहिजे. काय कराल?

पिवळा रंग द्याल? द्या. अक्षर पिवळं झालं, पण पेटलं नाही. आणखी झगझगीत पिवळा? आता ते लिंबासारखं दिसायला लागलं. आणि लिंबू कितीही पिवळं असलं, तरी त्याच्या उजेडात कुणाला पुस्तक वाचता येत नाही.

उघडा डोळे. आपल्या गोष्टीतल्या मुलीचं त्या दुपारी नेमकं हेच झालं होतं. कॉम्प्युटरसमोर बसून तिने एका अक्षराला सात प्रकारचे पिवळे देऊन पाहिले होते आणि आता ती हनुवटीखाली दोन्ही मुठी घेऊन रुसून बसली होती.

"झालं लिंबू?" मागून आत्याने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"सगळे आधी लिंबूच करतात. मीसुद्धा केलं होतं. सरक."

मुलगी अर्ध्या खुर्चीवर सरकली. घरात तिला सगळे भुणभुण म्हणत. ती सतत काहीतरी विचारत असे आणि उत्तर मिळेपर्यंत माशीसारखी कानाशी घोटाळत राही, म्हणून. आईबाबा दोघंही संध्याकाळी उशिरा घरी यायचे, त्यामुळे शाळा सुटली की ती आत्याच्या कामावर यायची. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक अरुंद, अंधारा जिना होता. तो चढून गेलं की काळे पडदे लावलेल्या दोन खोल्या. लोकांनी कॅमेऱ्याने काढून आणलेली हलती चित्रं तिथे कापायची, जोडायची, त्यांना आवाज आणि नावं द्यायची. कुणाचं लग्न, कुणाच्या दुकानाची जाहिरात, कुणाच्या शाळेचं संमेलन. आत्या तिथे तरुणपणापासून होती. सुरुवातीला येणारी नावं, मधे झळकणारी चिन्हं, शेवटी 'समाप्त', हे सगळं तिच्या हातचं. त्या गल्लीत तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. ती टायटलबाई.

"उजेड अक्षरात नसतो," आत्या म्हणाली. "अक्षराच्या बाहेर असतो."

"बाहेर कुठे?"

"रस्त्यावरचा दिवा आठव. दिवा असतो मुठीएवढा. दिसतो केवढा? कलिंगडाएवढा. मग ते बाकीचं कलिंगड कुठून आलं? तेच आपल्याला करायचंय."

रस्त्यावरचा दिवा कलिंगडाएवढा दिसतो? भुणभुणला तसं काही आठवेना. पण हात चालायला लागले की आत्याला मधेच थांबवायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

आत्याने आधी अक्षर पुन्हा पांढरं केलं. मग त्याची हुबेहूब प्रत काढली. "ही त्याची जुळी बहीण. आता हिला पाण्यात भिजवू." तिने प्रत धूसर केली. शाईचं अक्षर ओल्या कागदावर फुटावं तशी तिची कड पसरली. ती प्रत मूळ अक्षरावर ठेवल्याबरोबर 'का'च्या अंगावर जरा लव आल्यासारखं दिसलं.

"सुरवंट!" भुणभुण म्हणाली.

"बरोबर. एकाच जुळीवर थांबलं की सुरवंट होतो. म्हणून दुसरी. ही जास्त भिजवायची. आणि तिसरी इतकी, की धुकंच झालं पाहिजे. एक अंगाला चिकटलेला उजेड, एक शेजारचा, एक लांबचा. आता पिवळा रंग घे, पण जुळ्यांना दे. मधलं अक्षर पांढरंच ठेवायचं. जे पेटलेलं असतं ते मधे पांढरंच असतं."

"एकावर एक ठेवल्यावर वरची जुळी खालचीला झाकणार नाही?"

"सतरंजीवर सतरंजी टाकली तर झाकते. पण दिव्याशेजारी दिवा लावला तर?"

"उजेड वाढतो."

"मग इथे सांगायचं, की बाबा रे, ही सतरंजी नाही, हा दिवा आहे." तिने एक बटण दाबलं आणि 'का' खरंच पेटलं. काळ्या पडद्यावर, शांतपणे, आतून. भुणभुणने नकळत हात पुढे केला. शेकायला करतात तसा.

"कळलं? आता उजेड कुठे संपतो तिथे बोट ठेव."

भुणभुणने बोट ठेवलं. मग जरा बाहेर सरकवलं. मग आणखी बाहेर. "इथे... नाही, इथे... ठेवता येत नाही."

"मग जमलं. बोट ठेवता आलं तर तो उजेड नव्हे. डाग."

पडद्याच्या कडेला प्रत्येक जुळीसमोर आकडे होते. ते कमी-जास्त केले की उजेड कमी-जास्त व्हायचा. भुणभुण ते वहीत लिहून घ्यायला लागली, तर आत्याने तिच्या हातावर हलकेच चापट मारली. "आकड्याला काय दिसतं? डोळ्याला विचारायचं. मी इतकी वर्षं कधी आकड्याकडे बघितलं नाही." मग ती मागे रेलली, मान वाकडी केली, डोळे बारीक केले. "पण फार झालंय हे. निम्मं कर."

"छान दिसतंय की!"

"लोकांचे डोळे दिपतील. निम्मं कर. अजून. हं, अजून थोडं. बास."

भुणभुणने केलं. आता तिला ते अक्षर पुन्हा खडूने काढल्यासारखं दिसत होतं. पण ती गप्प बसली. आत्याला जे कळतं ते आपल्याला अजून कळत नसेल, असं तिला वाटलं.

आत्याने टेबलावरचं फडकं उचललं आणि कॉम्प्युटरचा पडदा खसाखसा पुसला. हे ती अलीकडे दिवसातून कितीदा तरी करायची. "मळकट झालाय नुसता. मालकांना कधीची सांगतेय, नवा पडदा घ्या म्हणून."

दोन दिवसांनी चित्रगृहाचे मॅनेजर आले. गावातलं 'काजवा' चित्रगृह छप्पर गळायला लागल्यामुळे बरीच वर्षं बंद होतं. आता ते दुरुस्त होऊन शुक्रवारी पुन्हा उघडणार होतं. सिनेमा सुरू होण्याआधी मोठ्या पडद्यावर त्याचं चिन्ह यायचं होतं. अंधारातून एक काजवा उडत येतो, 'काजवा' या अक्षरांच्या शिरोरेषेवर बसतो, त्याची शेपटी पेटते आणि त्या उजेडाने एकेक अक्षर पेटत जातं. आत्याने हे काम मागून घेतलं होतं. लहानपणी त्याच चित्रगृहात पुढच्या बाकावर बसून ती टायटलं बघत आली होती. सिनेमा मात्र तिला एकही धड आठवत नसे.

"बाई, काजवा उडतो झकास, बसतो झकास," मॅनेजर म्हणाले. "पण पेटत नाही हो."

"पेटत नाही?" आत्या ताडकन उठली. "आधीच मी तुमच्यासाठी एकदा वाढवून दिलंय. डोळे तपासून घ्या तुम्ही!"

"माझे एकट्याचे नाही, बाई. मशीनवाला बघतो, तिकीटवाला बघतो, झाडणारी मावशी बघते. ती म्हणाली, मेलाय वाटतं काजवा."

भुणभुणला हसू फुटलं. आत्याने तिच्याकडे असं बघितलं, की ते तसंच गिळावं लागलं.

"उद्या, फार तर परवा सकाळी मला पेटलेला काजवा हवा," मॅनेजर जाता जाता म्हणाले. "नाहीतर चौकातल्या दुकानात तयार मिळतोय. नाव घालून तासाभरात देतो म्हणाला."

ते गेल्यावर शेजारच्या खोलीतून मालक आले. गोलमटोल, हळू बोलणारे. त्यांनी बराच वेळ नुसती खुर्चीची पाठ चोळली. "बाई, तुमचं काम कधी परत येत नव्हतं. या वर्षात मात्र... तो चपलांच्या दुकानवालाही बोलला होता. मी तुम्हाला सांगितलं नाही. मी म्हणतो, टायटलं आता दुसऱ्या कुणाला देऊ या का? तुम्ही बाहेर बसा, आलेगेले बघा. पगार तोच."

"टायटलं सोडून?" आत्याने विचारलं.

"परवा बघू," मालक म्हणाले आणि आत गेले.

आत्या पडद्याकडे वळली. मग तिने फडकं घेतलं आणि पडदा पुसायला लागली. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. मग चहा आणते म्हणून खाली गेली. जिना उतरताना ती कठडा धरून, पाय चाचपत उतरायची. भुणभुणला ते वयाचं वाटायचं.

आता भुणभुण एकटी आणि समोर तो काजवा. तिने तो पुढे-मागे फिरवून बघितला. मॅनेजर म्हणत होते ते खरंच होतं. शेपटीशी जेमतेम पिवळट धूळ उडाल्यासारखं काहीतरी होतं. मग तिला वाटलं, उजेडच काढून टाकला तर नुसता काजवा कसा दिसेल? या कामात सगळं थराथरांनी असतं, काचेचे तुकडे एकावर एक ठेवावेत तसं. प्रत्येक थराच्या नावाशेजारी एक इवलासा डोळा काढलेला असतो. डोळा उघडा असला की थर दिसतो, मिटला की दिसत नाही. भुणभुणने तिन्ही जुळ्यांचे डोळे मिटले. टक्, टक्, टक्. काजवा जवळजवळ होता तसाच राहिला.

तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली. भुणभुणने हात मागे घेतला. आत्याने पेला ठेवला, पडद्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"हे बघ! ह्याला म्हणतात पेटत नाही! शेपटीशी केवढा मोठा गोळा आलाय, कलिंगडाएवढा. उलट कमीच करायला हवा."

भुणभुणने पडद्याकडे बघितलं. तिन्ही डोळे मिटलेले होते.

मुलांनो, तुम्ही असता तर लगेच ओरडला असतात, हो ना? भुणभुणला आधी आपलीच शंका आली. तिने डोळे चोळले. मोठे केले, बारीक केले. पापण्या अगदी मिटत आणल्या, तेव्हा मात्र शेपटीभोवती खरंच काहीतरी लखलखलं. म्हणजे आत्याला दिसतं ते असं काही असेल? पण आत्याचे डोळे तर उघडे होते.

ती उठून जिन्यात गेली. तिथे दिवसाही एक दिवा जळत असायचा. त्याच्याकडे तिने खालून बघितलं, वरून बघितलं. मालक फोनवर बोलत बाहेर आले, तेव्हा तिने त्यांना गाठलं. "काका, या दिव्याभोवती तुम्हाला काय दिसतं?"

मालकांनी वर बघितलं. "जळमटं," ते म्हणाले. "काढायला सांगतो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भुणभुण धावतच आली. आत्या सायकलच्या दुकानापाशी तिची वाट बघत होती. दोघी जिना चढायला लागल्या. दिव्याखाली आल्यावर भुणभुण थांबली. आदल्या दिवसापासून तिने हा प्रश्न पोटात धरून ठेवला होता, आणि प्रश्न पोटात ठेवायची तिला सवय नव्हती.

"आत्या, या दिव्याभोवती काय दिसतं तुला?"

आत्या थांबली. असले प्रश्न तिला आवडायचे. तिने कठड्यावरचा हात तसाच ठेवून मान वर केली. "मधे पांढरा गोळा. त्याला पिवळी कड. मग जरा मोकळं. मग एक कडं आहे बघ, आतून हिरवट, बाहेरून लालसर. आणि सगळ्यातून आरपार बारीक काड्या. खराट्याच्या असतात ना, तशा. फार छान दिसतं. मी रोज इथे घटकाभर थांबते."

"आधीपासून आहे हे?"

"नाही, हल्लीच. नव्या दिव्यांना असतं तसं."

"मला नाही दिसत."

"नीट बघ ना."

"नीट बघितलं. मला नुसता दिवा दिसतो आणि जळमटं. मालककाकांनाही तेवढंच दिसतं."

आत्या हसली. मग तिचं हसू तिथेच राहिलं आणि बाकीचा चेहरा गंभीर झाला. भुणभुणने तिचा पदर धरला. "काल मी काजव्याच्या तिन्ही जुळ्या बंद केल्या होत्या. तू चहा घेऊन आलीस ना, तेव्हा. एकही चालू नव्हती. आणि तू म्हणालीस, केवढा मोठा गोळा आलाय."

खाली कुणीतरी सायकलचं चाक फिरवत होतं. त्याची किरकिर ऐकू येत होती. आत्या पायरीवर बसली.

"म्हणजे पडदा मळका नव्हता," ती म्हणाली.

भुणभुण तिच्याशेजारी बसली. तिला रडू यायला लागलं होतं. आपण काहीतरी फोडलं आणि ते आता जोडता येणार नाही, असं तिला वाटत होतं.

"रडतेस कशाला? डोळे माझे बिघडलेत." आत्याने आपल्याच पदराने तिचं नाक पुसलं. "खरं सांगू? मला शंका होती. रस्ता ओलांडताना गाड्यांचे दिवे अंगावर यायचे. चंद्र दोन दिसायचे. पण डॉक्टरकडे गेले आणि तो म्हणाला, बाई, आता पुरे करा, तर? मला दुसरं काय येतं गं?"

"भाजी येते की."

"करपलेली."

"करपलेली, पण येते ना."

आत्या हसली. या वेळी सगळा चेहरा हसला. मग ती कठडा धरून उठली. "चल. उद्या सकाळपर्यंत काजवा पेटला पाहिजे. आज तू बघायचं आणि मी विचारायचं."

खोलीत गेल्यावर आत्याने एक गंमतच केली. तिने आपली खुर्ची उलटी फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसली. "समोर बसले तर माझे डोळे मधे बोलतील. त्यांना आज सुट्टी. घे माऊस. तिन्ही जुळ्यांचे डोळे उघड. शेपटी मधे पांढरी आहे?"

"पिवळी आहे."

"मग मूळ काजव्याला पिवळा लागलाय. काढ. आता?"

"आता पांढरी."

"पहिली जुळी वाढव. हळू. सुरवंट झाला की सांग."

"...झाला!"

"मग किंचित मागे. आता दुसरी."

असं चाललं. काजवा झाला आणि मग अक्षरं आली. तिथे आत्याने असे प्रश्न विचारले, की भुणभुणला वाटलं, हिच्या पाठीलाच डोळे आहेत. "'व'च्या पोटात काय दिसतंय?"

"पोट भरलंय सगळं. भोकच दिसत नाही."

"उजेड साचतो तिथे. दुसरी जुळी त्या अक्षरापुरती कमी कर. आणि शिरोरेषा?"

"ट्यूबलाइट!"

"होणारच. आपल्या अक्षरांना वरून दांडी असते ना, सगळा उजेड तिलाच चिकटतो. तिला जरा बारीक कर. आता लांबचं धुकं. बोट ठेव."

"ठेवलं. ठेवता येतंय, आत्या."

"मग तिसरी जुळी आणखी भिजव."

"आता?"

"मला काय विचारतेस? बोटाला विचार."

भुणभुणने बोट ठेवलं. सरकवलं. "फिरतंय नुसतं. थांबत नाही."

भिंतीकडे बघत आत्याने मान डोलावली. मग म्हणाली, "आता शेवटचं. काजवा बटण दाबल्यासारखा लागत नाही. श्वास घेतल्यासारखा लागतो. मी घेते, तू त्यावर लाव." आणि ती मोठ्याने श्वास घ्यायला लागली. श्वास आत गेला की भुणभुण उजेड वाढवायची, बाहेर आला की उतरवायची. काळ्या पडद्याच्या खोलीत आत्या पाठमोरी बसून श्वास घेत होती आणि पडद्यावर काजवा तिच्या लयीत फुलत होता, मावळत होता.

दोघी निघायच्या बेतात होत्या, तेव्हा आत्याने मालकांना हाक मारली. भुणभुणला वाटलं, ही आता नुसता काजवा दाखवेल आणि गप्प बसेल. पण आत्या उभी राहिली, पदर नीट केला आणि म्हणाली, "मालक, चूक पडद्याची नव्हती. माझ्या डोळ्यांची होती. मला जिथे नाही तिथे उजेड दिसतो, म्हणून मी कमी करत गेले. उद्या तपासून घेणार आहे. हा काजवा हिने डोळ्यांनी केलाय आणि मी तोंडाने. पसंत नसेल तर चौकात द्या."

मालकांनी काजवा बघितला. पुन्हा लावून बघितला. तिसऱ्यांदा बघताना ते पुढे वाकले आणि त्यांचाही हात शेकायला जावा तसा पुढे गेला.

"म्हणजे नव्या पडद्याचा खर्च वाचला," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "टायटलांचं नंतर बघू, बाई. आधी डोळे बघा."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी उजेड टाकून आत्याचे दोन्ही डोळे बघितले. "मोतीबिंदू आहे. चांगलाच पिकलाय. इतके दिवस काय करत होतात?"

"टायटलं," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, घाबरायचं काही कारण नाही. आधी एका डोळ्याची शस्त्रक्रिया करू, मग दुसऱ्याची. मग स्वच्छ दिसेल. हे ऐकल्यावर आत्याने इतका मोठा श्वास सोडला, की काजवा असता तर पार विझला असता.

शुक्रवारी दुपारी दोघी 'काजवा'मध्ये गेल्या. मॅनेजरांनी त्यांना मधल्या रांगेतल्या चांगल्या जागा दिल्या होत्या, पण आत्या म्हणाली, पुढच्या बाकावर बसू. दिवे मालवले. मोठ्या पडद्यावरचा अंधार घरातल्या अंधारापेक्षा वेगळा असतो, खोल असतो. त्यातून काजवा आला, शिरोरेषेवर टेकला, श्वास घेतल्यासारखा पेटला. एकेक अक्षर उजळत गेलं आणि पुढच्या रांगांमधल्या लोकांचे चेहरे पिवळे झाले. मागे कुणीतरी लहान मूल "दिवा, दिवा" म्हणालं.

आत्याला मात्र नुसता एक भलामोठा चंद्र दिसत होता, काड्यांचा. तिने भुणभुणच्या कानाशी तोंड नेलं. "बोट?"

भुणभुणने अंधारात हात लांब केला. "नाही ठेवता येत," ती कुजबुजली.

आत्या मागे टेकून बसली. सिनेमा सुरू झाला. पण तो कशाबद्दल होता, ते दोघींनाही नंतर सांगता आलं नाही.

दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, औषधाचे थेंब संपले, काळा चष्मा गेला आणि एके दिवशी शाळा सुटल्यावर भुणभुण आत्याला कामावर घेऊन आली. आता आत्याला कठडा लागत नव्हता. ती भराभर चढत होती, आणि दिव्याखाली येऊन थबकली.

"दिवा बदलला का गं?"

"नाही. तोच आहे."

"हा? एवढाच?"

"हो. जळमटं पण तीच आहेत. काका विसरले काढायला."

आत्या बराच वेळ वर बघत राहिली. खालून एक गिऱ्हाईक वर आलं. त्याला वाट द्यायला ती भिंतीला टेकली, पण नजर तिने खाली केली नाही.

खोलीत मालकांनी तिची खुर्ची तिच्याच टेबलाशी ठेवली होती. आत्या बसली. फडकं समोरच होतं, पण तिने त्याला हात लावला नाही. तिने गेल्या वर्षभरातली आपली कामं एकेक करून लावून बघितली. चपलांचं दुकान. कुणाचा तरी वाढदिवस. एका शाळेचं नाव.

"बिचारी सगळी विझलेली," ती हळूच म्हणाली. "आणि कुणी बोललंसुद्धा नाही मला."

"पण आता स्वच्छ दिसतंय ना?"

"स्वच्छ. तुझ्या नाकावरचा तीळसुद्धा दिसतोय. आजवर मला वाटायचं, शाईचा डाग आहे." ती हसली. मग कीबोर्डवरची बोटं थांबवून म्हणाली, "नुसता तो जिन्यातला दिवा..."

"काय?"

"काही नाही. छान होता."

भुणभुणने जरा विचार केला. मग आत्याचा फोन उचलला आणि काही न सांगता ती बाहेर गेली. परत आली, तेव्हा फोनमध्ये जिन्यातल्या दिव्याचं छायाचित्र होतं, जळमटांसकट. तिने ते पडद्यावर उघडलं, आजूबाजूला सगळा काळोख केला. मग दिव्याची एक जुळी काढली. दुसरी काढली. तिसरी काढली.

"हे काय चाललंय?" आत्याने विचारलं.

"खुर्ची इकडे फिरव. आज तू बघायचं आणि मी विचारायचं. मधला गोळा केवढा होता?"

आत्याने तिच्याकडे बघितलं. मग पडद्याकडे. "मुठीपेक्षा मोठा," ती म्हणाली. "अजून. हं. पिवळी कड होती त्याला."

"मग मोकळं?"

"मग मोकळं. मग कडं. आतून..."

"हिरवट. बाहेरून लालसर. मला पाठ आहे. एवढं लाल?"

"इतकं भडक नाही. काचेच्या पेल्यातून येतं ना उन्हात, तेवढंच."

काड्या करायला फार वेळ लागला. त्या कशा करायच्या ते दोघींनाही आधी जमेना. मग आत्यालाच सुचलं, की एक जुळी चहूकडे न पसरवता एकाच बाजूला ओढायची, आणि मग तशा पुष्कळ फिरवून लावायच्या. हळूहळू पडद्यावर तो दिवा उमलत गेला. जिना तोच, जळमटं तीच, आणि त्यांच्यामागे ते सगळं. भुणभुणचा हात माऊसवर तसाच राहिला.

"तुला रोज हे दिसायचं?"

"रोज."

"मग तू मला आधी का नाही दाखवलंस?"

"मला वाटायचं, तुलाही दिसतंय."

भुणभुणने माऊस बाजूला सारला. मग म्हणाली, "आत्या, बोट ठेव."

आत्याने बोट ठेवलं. ते गोळ्यावरून कड्यावर गेलं, कड्यावरून काड्यांवर, काड्यांच्या टोकांवरून काळोखात, आणि सरकत सरकत पडद्याच्या चौकटीबाहेर जाऊन हवेत थांबलं.

"इथवर यायचा तो," ती म्हणाली.

भुणभुणने चौथी जुळी काढली आणि ती भिजवायला घेतली.